कर्करोग संशोधनात पीएचडी करायचीय? जातीच्या दाखल्यापासून फेलोशिपच्या पहिल्या हप्त्यापर्यंत

उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ पासून गावोगाव फिरून एक मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. गर्भाशयमुखाचा कर्करोग वेळेत पकडायला कोणती तपासणी खरोखर कामाला येते, एवढाच प्रश्न. टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय त्यात होतं. २००९ साली निष्कर्ष आले: आयुष्यात एकदाच एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. जगभरचे डॉक्टर आजही त्या अभ्यासाचा दाखला देतात.

याच पट्ट्यातली एक मुलगी गेल्या वर्षी एम.एस्सी.चा निकाल घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, कॅन्सरवर काम करायचंय, पण पीएचडीला किती पैसे भरावे लागतील?"

भरायचे नसतात, मिळतात. जीवशास्त्रातल्या पूर्णवेळ पीएचडीला फेलोशिप असते आणि घरात पहिल्यांदाच कुणी एवढं शिकत असेल तर तिच्याशिवाय या वाटेला जाऊही नये. १ जानेवारी २०२३ पासून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, म्हणजे जेआरएफ, महिना ३७,००० रुपये आहे आणि दोन वर्षांनी सिनिअर झाल्यावर ४२,०००. वसतिगृह नसेल तर घरभाडे भत्ता वेगळा. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, भटके-विमुक्त, मराठा-कुणबी, दिव्यांग, मुली, प्रत्येकासाठी काही ना काही योजना आहे. तरीही मुलं राहून जातात, कारण गोष्टी चुकीच्या क्रमाने केल्या जातात. आधी परीक्षा, मग गाईड, मग फेलोशिप आणि सगळ्यात शेवटी धावत-पळत दाखले. मी हा क्रम उलटा लावते.

पहिलं काम तहसीलमध्ये

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असतानाच, नेटचं पुस्तक उघडण्याआधी, पाच कागद गोळा करा: जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, अधिवास, उत्पन्नाचा दाखला आणि ओबीसी-भटक्यांसाठी नॉन क्रिमीलेअर. व्हॅलिडिटीला महिने लागतात. वंशावळ, आजोबा-पणजोबांचे शाळेतले दाखले, महसुली नोंदी, काय काय मागतील सांगता येत नाही. बारावीनंतर प्रवेशासाठी काढली असेल तर उत्तम. नसेल तर आजच अर्ज टाका.

खरी गोची नॉन क्रिमीलेअरमध्ये आहे. राज्याच्या नमुन्यातला दाखला केंद्राच्या परीक्षेला चालत नाही. सीएसआयआर नेट, केंद्रीय संस्थांचे प्रवेश आणि राष्ट्रीय ओबीसी फेलोशिप यांना केंद्र शासनाच्या नमुन्यातलाच लागतो, तोही चालू आर्थिक वर्षातला. सेतू केंद्रात नुसतं "नॉन क्रिमीलेअर द्या" म्हटलं की राज्याचा हातात पडतो. "सेंट्रलचा हवाय" असं स्पष्ट सांगा आणि शक्यतो दोन्ही काढून ठेवा. माझा स्वतःचा दाखला प्रवेशाच्या दिवशी एका संस्थेने याच कारणासाठी परत दिला होता. त्या रात्री एसटीने गावी जाऊन तिसऱ्या दिवशी नवा दाखला घेऊन परत आले. खिडकीवरचा माणूस भला होता म्हणून जागा राहिली.

राज्यात तुम्ही विजे (विमुक्त जाती), एनटी (भटक्या जमाती) किंवा एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) असाल तर केंद्राकडे हे रकानेच नाहीत. बंजारा, धनगर, वंजारी हे समाज केंद्राच्या यादीत ओबीसी म्हणून आहेत, तेव्हा केंद्राच्या अर्जात ओबीसीच लिहायचं. आपली जात केंद्राच्या महाराष्ट्राच्या यादीत नेमक्या कोणत्या नावाने आहे ते पाहून घ्या, कारण दाखल्यावरचं नाव त्या नावाशी जुळावं लागतं. कुणबी तिथे आहेत, मराठा नाहीत. मराठा विद्यार्थ्यांनी केंद्राच्या अर्जासाठी ईडब्ल्यूएसची, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाची, पात्रता तपासावी. बौद्ध विद्यार्थ्यांना १९९० च्या दुरुस्तीपासून केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती आहेत, मात्र दाखल्यावर मूळ जातीचा उल्लेख हवा.

एक गैरसमज. नॉन क्रिमीलेअरची ८ लाखांची मर्यादा मोजताना केंद्राच्या नियमात आई-वडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. ते कोणत्या दर्जाच्या पदावर आहेत, हे मात्र वेगळं पाहिलं जातं. वडील शिपाई किंवा प्राथमिक शिक्षक आहेत आणि पगार वाढला म्हणून "आपण क्रिमीलेअरमध्ये गेलो" असं ठरवून खुल्या गटातून अर्ज भरलेली मुलं मी पाहिली आहेत.

पैसा कुठून येतो

सगळ्यात भक्कम फेलोशिप म्हणजे नेटमधून मिळणारी जेआरएफ. ती तुमच्या नावावर असते, म्हणजे प्रयोगशाळा निवडण्याची मुभा तुमच्याकडे राहते. गाईडला तुमच्या पगाराची तजवीज करावी लागत नाही, आणि एवढ्या एका गोष्टीने दारं उघडतात. सीएसआयआर-यूजीसीची जेआरएफ आहे, तशीच जैवतंत्रज्ञान विभागाची डीबीटी-जेआरएफ. डीबीटीच्या निकालात दोन याद्या लागतात. पहिल्या यादीतल्यांना फेलोशिप मिळते, दुसरीतल्यांना डीबीटीच्या प्रकल्पांवर रुजू होता येतं. दुसऱ्या यादीत नाव आलं म्हणून पेढे वाटण्याआधी हा फरक वाचा.

नेट दिलीत, पण नेहमीच्या जेआरएफच्या यादीत नाव थोडक्यात हुकलं, तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय फेलोशिप आहे, वर्षाला २,००० जागांची. ओबीसींसाठी तशीच १,००० जागांची. दोन्हींची निवड नेटच्या गुणांवरून होते. विज्ञान शाखेच्या वाट्याला यातला लहान हिस्सा येतो, पण त्या हिश्श्यात अर्ज करणारेही कमी असतात. नेटच्या अर्जात या फेलोशिपविषयीचा रकाना दिसला की तो रिकामा सोडू नका.

अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी आदिवासी कार्य मंत्रालयाच्या राष्ट्रीय फेलोशिपच्या वर्षाला ७५० जागा आहेत आणि तिला नेट लागत नाही. निवड पदव्युत्तर गुणांवरून होते. कातकरी, कोलाम, माडिया गोंड या समाजातल्यांसाठी त्यात वेगळ्या जागा राखलेल्या आहेत. नंदुरबार-गडचिरोलीच्या किती मुलांना हे माहीत असतं? माझ्या अनुभवात, फारच थोड्यांना.

राज्याच्या योजना चार दारांतून येतात: अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, आदिवासींसाठी पुण्याचीच टीआरटीआय, मराठा आणि कुणबींसाठी सारथी, ओबीसी-भटके-विमुक्त-विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती. यांना बहुधा आधी पीएचडीची नोंदणी लागते. पण फक्त यांच्या भरवशावर राहू नका. निवडीची पद्धत, जागा आणि रक्कम, तिन्ही गोष्टी शासन निर्णयांगणिक बदलत आल्या आहेत. या संस्थांच्या फेलोशिपसाठी झालेल्या २४ डिसेंबर २०२३ च्या सामाईक परीक्षेत २०१९ च्या सेटचीच (राज्याच्या प्राध्यापक पात्रता परीक्षेची) प्रश्नपत्रिका आल्याचं उघड झालं आणि परीक्षा १० जानेवारी २०२४ ला पुन्हा घ्यावी लागली. पूर्ण रकमेसाठी संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानात बसावं लागलं, तेही सगळ्यांनी पाहिलं आहे. अर्ज जरूर करा, मिळाली तर घ्या, पण पहिला बेत नेटचा ठेवा.

आणखी तीन योजना लक्षात राहू द्या. विद्यापीठात एम.एस्सी.ला पहिला क्रमांक आला असेल तर इन्स्पायर फेलोशिप; सोलापूर, नांदेड, जळगाव, गडचिरोलीच्या विद्यापीठांतल्या पहिल्या क्रमांकालाही ती तेवढीच खुली आहे. आई-वडिलांची एकुलती एक मुलगी असाल तर यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप. लग्न-बाळंतपणाने खंड पडला असेल तर २७ ते ४५ वयाच्या स्त्रियांसाठी विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची वाइज-पीएचडी.

अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून बंद झाली. जुन्या याद्यांत तिचं नाव अजून फिरतं, त्यामागे वेळ घालवू नका.

एका वेळी एकच फेलोशिप घेता येते. दोन मिळाल्या तर भत्ते, कालावधी आणि हप्त्यांची नियमितता पाहून एक निवडा आणि दुसरी लेखी सोडा. न सांगता दोन्ही घेतलेले पैसे पुढे वसूल होतात.

नेट: कुठे जोर लावायचा

सीएसआयआर नेट वर्षातून दोनदा असते. जीवशास्त्राच्या पेपरात तीन भाग, २०० गुण, तीन तास. पहिल्या भागात २० पैकी १५, दुसऱ्यात ५० पैकी ३५ आणि तिसऱ्यात ७५ पैकी २५ प्रश्न सोडवायचे. तिसऱ्यातला प्रत्येक प्रश्न ४ गुणांचा आणि चूक केली तर पाव भाग गुण कापतात. एम.एस्सी.ला खुल्या आणि ओबीसी गटाला ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ५०. वयात अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि सगळ्या गटांतल्या मुलींना ५ वर्षांची सूट आहे, ओबीसींना ३.

७५ पैकी २५ म्हणजे सगळा अभ्यासक्रम वाचायची गरज नाही. १३ घटकांतले सहा-सात पक्के करा. कर्करोगात काम करायचं असेल तर पेशींमधल्या संदेशवहनाचा चौथा घटक जिवाभावाचा करा. ऑन्कोजीन, ट्यूमर सप्रेसर जनुकं, पेशीचक्र, मेटास्टॅसिस, अपॉप्टोसिस, विषाणूंमुळे होणारे कर्करोग, सगळं तिथे आहे. त्याला रेणवीय जीवशास्त्र, आनुवंशिकी, रोगप्रतिकारशास्त्र आणि प्रयोगतंत्रांचा तेरावा घटक जोडा. पहिल्या भागातलं गणित-तर्क मात्र मराठी माध्यमाच्या मुलांनी हलक्यात घेऊ नये. प्रश्न दहावीच्या पातळीचे असतात, पण ते इंग्रजी नाहीतर हिंदीत वाचून सोडवायचे असतात आणि तिथे मिनिटं जातात.

निकालात जेआरएफ, सहायक प्राध्यापक पात्रता आणि फक्त पीएचडी प्रवेश असे गट असतात. शेवटच्या दोन्हींत फेलोशिप नाही आणि ते गुण प्रवेशासाठी वर्षभरच चालतात.

सोबत गेट आणि टीआयएफआरची जगीबिल्स ही जीवशास्त्राची प्रवेश परीक्षाही द्या. मुंबईच्या टीआयएफआर आणि बंगळुरूच्या एनसीबीएसची वाट जगीबिल्समधून जाते. आयआयएससी, आयसर, आयआयटीत गेलात तर पंतप्रधान संशोधन फेलोशिपचा विचार करता येतो. तिथे पहिल्या वर्षी महिना ७०,००० मिळतात आणि ते वाढत ८०,००० पर्यंत जातात. स्पर्धाही त्याच मापाची.

प्रयोगशाळा कुठे शोधायची

महाराष्ट्रात कर्करोगाच्या मूलभूत संशोधनाची दोन मोठी ठिकाणं. खारघरचं ॲक्ट्रेक टाटा मेमोरियल सेंटरचा, म्हणजे अणुऊर्जा विभागाचा भाग आहे. तिथली पीएचडी होमी भाभा राष्ट्रीय संस्थेकडून मिळते आणि प्रवेशाची जाहिरात वर्षातून एकदा निघते. दुसरं पुणे विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, सगळे एनसीसीएस म्हणतात. तिथे हातात राष्ट्रीय पातळीची फेलोशिप असणाऱ्यांनाच बोलावतात. म्हणून नेट आधी.

ॲक्ट्रेकचं मूळ परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये. तिथे पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली आणि स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी असलेला संबंध शोधला. पुढे अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणावरही त्यांनी काम केलं. प्रयोगशाळा आणि गाव या दोन वेगळ्या दुनिया आहेत असं कुणी म्हणालं की मला त्या आठवतात.

एम.एस्सी. चालू असतानाच अशा एखाद्या ठिकाणी दोन महिने तरी काढा. तिन्ही विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप त्यासाठीच आहे, अर्ज आदल्या हिवाळ्यात निघतात. लहान गावच्या कॉलेजात पेशीसंवर्धनाचं हूड (निर्जंतुक हवेत काम करायची पेटी) नसतं, आणि मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत ते कळतं.

गाईडला मेल करताना आपला इतिहास सांगत बसू नका. त्यांचा अलीकडचा एक शोधनिबंध खरंच वाचा. त्यातल्या एका आकृतीवर तुम्हाला पडलेला एक प्रश्न, तुमची फेलोशिप कोणती आणि ती कधीपर्यंत वैध, प्रबंधात हाताने केलेली तंत्रं. एवढं दहा ओळींत बसतं. "रिस्पेक्टेड सर/मॅडम"ने सुरू होणारा एकच मेल चाळीस जणांना गेलेला असतो, हे वाचणाऱ्याला दुसऱ्या ओळीत समजतं. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग पुढचं नाव.

नेट नसताना प्रकल्पावर रुजू होण्याची संधी येईल. घ्या, पण डोळे उघडे ठेवून. पगार कमी, प्रकल्प दोन-तीन वर्षांत संपतो आणि पीएचडीची नोंदणी आपोआप होत नाही. रुजू होण्याआधी विचारा: या प्रकल्पावर नोंदणी होईल का, कधी, आणि प्रकल्प संपल्यावर पैसे कुठून? विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगला गाईड नीट उत्तर देतो.

प्रस्ताव लिहिताना

राज्याच्या फेलोशिपला आणि विद्यापीठाच्या समितीपुढे संशोधन प्रस्ताव लागतो. "विदर्भातील मुखाच्या कर्करोगाचा अभ्यास" हा प्रस्ताव होत नाही, ते पुस्तकाचं नाव झालं. तो आवळत न्या. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खाणाऱ्या सगळ्यांना कर्करोग होत नाही. काहींचं तोंड आधी आखडतं, ओरल सबम्युकस फायब्रोसिस होतो, आणि त्यातल्या काहींनाच पुढे कर्करोग. मग प्रश्न असा: ज्यांचा आजार पुढे सरकला आणि ज्यांचा नाही, त्यांच्या लाळेत अमुक प्रथिनाचं प्रमाण वेगळं असतं का? आता नमुने कुठल्या दंत महाविद्यालयातून येणार, किती, नैतिक समितीची परवानगी कोण घेणार, मोजमाप कोणत्या तंत्राने, आणि उत्तर "नाही" आलं तर तुम्ही काय म्हणाल, हे लिहा. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक प्रस्तावांत नसतं.

हाताशी प्रयोगशाळा नसेल तर प्राथमिक पुरावा संगणकावर जमवता येतो. टीसीजीए या अमेरिकी प्रकल्पात ३३ प्रकारच्या कर्करोगांची जनुकीय माहिती आहे आणि तिचा मोठा भाग सीबायोपोर्टल या संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. तुमचं प्रथिन तोंडाच्या कर्करोगात वाढतं का, हे एका दुपारी बघून त्याचा आलेख प्रस्तावात लावा. तिथले रुग्ण बहुतेक अमेरिकेतले, तंबाखूची सवय वेगळी. हेही लिहा, कारण तुमच्या अभ्यासाची गरज तिथूनच सिद्ध होते.

मुलाखत

समितीला तुमच्या इंग्रजीपेक्षा तुमचा एम.एस्सी.चा प्रबंध तपासायचा असतो. आणि प्रबंधातच मुलं पडतात. वेस्टर्न ब्लॉट केलाय? मग ॲक्टिन कशासाठी लावलं? एमटीटीत रंग कमी आला, तर पेशी मेल्या की नुसत्या वाढायच्या थांबल्या, हे तुम्हाला कसं कळलं? एमटीटी पेशींची चयापचय क्रिया मोजते, मरण नव्हे; हे सांगता आलं तर पुढचा प्रश्न सौम्य येतो. पेशीवाण (सेल लाइन) कोणती होती, कुठून आणली, नियंत्रण गट कोणता, तीनदा केलं की एकदा? आपल्या प्रत्येक आकृतीला हे चार प्रश्न विचारून उत्तरं मोठ्याने म्हणा, आधी मराठीत, मग इंग्रजीत. मराठीत अडखळलात तर अडचण इंग्रजीची नाही.

माहीत नसेल तर "माहीत नाही, पण असं शोधेन" म्हणा. खोटं पकडायला समोर पाच जण बसलेले असतात.

परदेशाचं थोडक्यात

"अंडररिप्रेझेंटेड" शब्द घालून शोधलंत तर ब्रिटन-अमेरिकेच्या बऱ्याच योजना दिसतील. त्यांतल्या बहुतेक तिथल्या नागरिकांसाठी किंवा रहिवाशांसाठी असतात. पात्रतेची ओळ सगळ्यात आधी वाचा. आपल्यासाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे: वर्षाला १२५ जागा, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींना, ६ विमुक्त-भटक्यांना, ४ भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांना. कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या २० जागा आहेत. राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांना मिळते. अमेरिकेतल्या चांगल्या जीवशास्त्र विभागांत पीएचडीला शुल्कमाफी आणि निर्वाहभत्ता विद्यापीठच देतं, म्हणून तिथे शिष्यवृत्तीआधी प्रवेशावर लक्ष द्या.

रुजू झाल्यानंतर

पहिला हप्ता लगेच येत नाही. जॉइनिंग रिपोर्ट जातो, संस्था पोर्टलवर पडताळणी करते, आधारशी जोडलेलं खातं तपासलं जातं, आणि चार-सहा महिने कसे गेले कळत नाही. तेवढ्या काळाची खोली आणि मेस यांची सोय आधी करा. घरून होणार नसेल तर संस्थेत विचारा. काही ठिकाणी फेलोशिप येईपर्यंत गाईड प्रकल्पातून काही काळ सांभाळून घेतात, पण तुम्ही बोललात तरच. माझ्या बॅचचा एक मुलगा लाजेपोटी बोलला नाही आणि रात्री सिक्युरिटीची नोकरी करून दिवसा लॅबमध्ये झोपायचा. गाईडना कळलं ते तीन महिन्यांनी.

दर महिन्याची पुष्टी संस्थेकडून पोर्टलवर गेली का, हे स्वतः पाहत जा. कारकुनाची बदली झाली की नेमकी तीच राहते. हजेरी, घरभाडे प्रमाणपत्र, आकस्मिक खर्चाच्या पावत्या, वार्षिक अहवाल, सगळ्याची एक फाइल आणि तिचे फोटो फोनमध्ये. सीएसआयआरचा आकस्मिक निधी वर्षाला २०,००० असतो आणि तो मुदतीत मागितला नाही तर जातो.

दोन वर्षं भरायच्या तीन महिने आधी सिनिअर फेलोशिपसाठी समितीची तारीख मागायला लागा. बाहेरचा परीक्षक लागतो, आणि त्यांच्या तारखा दिवाळीच्या आसपास तर अजिबात जुळत नाहीत.